मरीन टँकचं प्लंबिंग आणि ओव्हरफ्लो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा ठरला की मासे, लाईट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) यांचा अभ्यास सगळे करतात आणि प्लंबिंग मात्र टँकवाल्यावर सोडून देतात. मग प्रश्न यायला लागतात ते काचेला भोकं पडून झाल्यावर, किंवा रात्री लाईट जाऊन हॉलमध्ये पाणी झाल्यावर. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. माझं ठाम मत आधीच सांगतो, टँक नीट चालू असतानाचं प्लंबिंग कुणालाही जमतं, आखणी करायची ती दोन वाईट वेळांसाठी : लाईट जाते तेव्हा, आणि खाली येणारा पाइप तुंबतो तेव्हा. बाकी सगळं त्यातूनच ठरतं.

हिशोबासाठी सगळीकडे एकच टँक धरलाय : ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे काठोकाठ साधारण ४५० लिटर. या मापात पाण्याची पातळी १ इंच वरखाली झाली की १९ लिटर पाणी हलतं. हा १९ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत परत लागणार आहे.

१. ओव्हरफ्लो म्हणजे नक्की काय? वरून खाली एक पंप आणि खालून वर दुसरा पंप असं नाही का चालणार?

नाही चालणार. दोन पंपांचा फ्लो कधीच तंतोतंत सारखा नसतो आणि सारखा राहतही नाही, एकात शेवाळ अडकलं की फरक पडतो, आणि तासाला दहा-वीस लिटरचा फरकसुद्धा रात्रभरात एक टाकी रिकामी आणि दुसरी ओसंडून वाहायला पुरेसा आहे. म्हणून पंप फक्त वर चढवायला, खाली पाणी स्वतःच्या वजनाने यायचं. ओव्हरफ्लो बॉक्सचा काठ धरणाच्या सांडव्यासारखा काम करतो, पाणी त्या काठाच्या वर आलं तेवढंच पलीकडे सांडतं आणि पाइपातून सम्पमध्ये, म्हणजे टँकच्या खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत जातं. पंपाने जास्त पाठवलं तर जास्त सांडतं, कमी पाठवलं तर कमी, कुणाला काही जुळवत बसावं लागत नाही. वर पाण्यावर तेलकट पापुद्रा जमतो तोही याच काठावरून जातो, म्हणून पृष्ठभाग स्वच्छ राहतो.

२. सम्प ठेवायलाच पाहिजे का? माझा टँक दोन फुटीच आहे.

दोन फुटीला नाही ठेवलात तरी चालेल. मागे कप्पे असलेला ऑल-इन-वन टँक घ्या, त्यात पाणी टँकच्या बाहेर जातच नाही त्यामुळे या पानावरची निम्मी काळजी संपली. तीन फुटांच्या पुढे मात्र सम्प घ्याच, स्किमर, हीटर, चिलरचे पाइप सगळं खाली लपतं आणि एकूण पाणीही वाढतं.

३. लाईट गेली की वरचं सगळं पाणी खाली येणार का? सम्प भरून वाहील का?

सगळं नाही येत, पण किती येतं ते तुम्ही ठरवायचं असतं आणि ते आधी ठरवायचं असतं. पंप बंद झाला की दोन वाटांनी पाणी खाली येतं. एक, ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं जास्तीचं पाणी, बॉक्समधलं थोडं आणि पाइपातलं. हे फार नसतं. दुसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे रिटर्न पाइप, पंपाचं पाणी वर नेणारा. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर येऊन हवा ओढेपर्यंत टँक खाली उपसत राहतो.

आता आपला टँक घ्या. रिटर्नचं तोंड चालू पातळीच्या २ इंच खाली असेल तर २ गुणिले १९ म्हणजे ३८ लिटर खाली येणार. तेच तोंड कुणी ५ इंच खाली सोडलं, खाली करंट चांगला मिळतो म्हणून, तर ९५ लिटर. सम्प ३ फूट बाय दीड फूट आणि १६ इंच उंच आहे, चालू पातळी ९ इंच, म्हणजे वर ७ इंच जागा, ती होते साधारण ७४ लिटर. ३८ आरामात मावतात, वर बॉक्स आणि पाइपांतलं पाणीही मावतं. ९५ मावत नाहीत, वीसेक लिटर जमिनीवर. एवढ्या एका तोंडाच्या उंचीवर सगळं आहे.

म्हणून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या इंच-दीड इंच खाली ठेवा, करंट पाहिजे तर वेव्हमेकर (टँकच्या आत पाणी हलवणारा छोटा पंप) लावा, ते काम रिटर्नचं नाही. पाइपाला पाण्याच्या लगेच खाली एक छोटं भोक पाडतात, सायफन तोडायला, ते जरूर पाडा पण त्याच्यावर विसंबू नका, शेवाळाने आणि कोरलाईनने (चुन्यासारखं कडक शेवाळ) ते बुजतं. सम्पच्या बाहेरून मार्करने दोन रेघा मारून ठेवा, एक चालू पातळीची आणि एक लाईट गेल्यानंतर सगळं खाली येऊन थांबलेल्या पातळीची. पाणी बदलताना किंवा भर घालताना चालू पातळीची रेघ ओलांडायची नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

४. आणि उलट झालं तर? खाली येणारा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला?

हा प्रश्न विचारणारे कमी आणि याच्यामुळे पाणी झालेले जास्त. ड्रेन बंद झाला की पंप सम्पच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर टाकत राहतो, तो कप्पा आटेपर्यंत. म्हणजे वर जास्तीत जास्त किती पाणी जाईल हे त्या रिटर्न कप्प्याच्या आकारावर अवलंबून आहे. कप्पा १० इंच बाय १८ इंच, त्यात ९ इंच पाणी, झाले २७ लिटर. आपल्या टँकमध्ये २७ लिटर म्हणजे जवळपास दीड इंच. चालू पातळी आणि टँकची कड यांच्यात दोन इंच सोडलेत तर काहीही सांडणार नाही, पंप हवा ओढत खडखड करेल आणि तुम्हाला कळेल. टँक काठोकाठ भरलेला छान दिसतो म्हणून अर्ध्या इंचावर पातळी ठेवणाऱ्यांना हा कोरडा राहण्याचा हक्क मिळत नाही.

दोन्ही हिशोब एकत्र मांडले तर सम्पची आखणी आपोआप होते : रिटर्न कप्पा लहान, आणि एकूण सम्पमध्ये वर मोकळी जागा भरपूर. टँकवाला विचारतो कप्पे किती किती इंचाचे करू, तेव्हा हे आकडे हातात ठेवा. कप्पा लहान असला की बाष्पीभवनाने लवकर आटतो हे खरं, त्यावर उपाय ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे आटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय, प्रश्न १५ बघा.

५. डर्सो, हर्बी, बीनअ‍ॅनिमल यातलं कोणतं करू?

डर्सो म्हणजे एकच उभा पाइप, डोक्यावर टी आणि टोपी, टोपीला हवेचं भोक. पाणी आणि हवा मिसळून खाली जातं. सोपं आहे, स्वस्त आहे, पण एकच पाइप म्हणजे तुंबला की प्रश्न ४. शिवाय आवाज पूर्ण जात नाही.

हर्बीत दोन पाइप. एक पूर्ण पाण्याने भरून सायफनने वाहतो, त्याला खाली व्हॉल्व्ह लावून फ्लो जुळवायचा. दुसरा थोडा उंच, कोरडा, फक्त अडचणीसाठी. हवा जातच नाही म्हणून आवाज जवळपास नसतो. दोष एवढाच की व्हॉल्व्ह पंपाच्या फ्लोशी जुळवावा लागतो आणि पंप मळला की परत थोडा फिरवावा लागतो.

बीनअ‍ॅनिमलमध्ये तीन. पहिला पूर्ण सायफन, दुसऱ्यातून थोडंसं पाणी झिरपत राहतं आणि पातळी चढली की त्याची हवेची नळी पाण्याखाली जाऊन तोही सायफन होतो, तिसरा कोरडा. फ्लो थोडा कमीजास्त झाला तर दुसरा पाइप सांभाळून घेतो, व्हॉल्व्हला रोज हात लावावा लागत नाही.

चार फुटी किंवा मोठा टँक आणि अजून भोकं पडायची असतील तर बीनअ‍ॅनिमलच करा, एका जास्तीच्या भोकाचे आणि पाइपाचे पैसे काहीच नाहीत. तीन फुटीत जागा नसेल तर हर्बी. आणि कोणतंही केलंत तरी अडचणीच्या पाइपाला व्हॉल्व्ह लावायचा नाही, जाळी लावायची नाही, दुसऱ्या पाइपाला जोडायचा नाही. तो सरळ सम्पमध्ये पाण्याच्या वर सुटला पाहिजे, म्हणजे त्यातून पाणी पडायला लागलं की आवाजाने कळतं.

६. पंप किती लिटरचा घेऊ? दुकानदार म्हणतो दहापट पाहिजे.

सम्पमधून तासाला टँकच्या तिप्पट ते पाचपट फ्लो पुष्कळ झाला. ४५० लिटरला चौपट धरा, १८०० लिटर. दहापट हा सल्ला वेव्हमेकर चांगले मिळत नव्हते तेव्हाचा आहे, आता करंटसाठी वेव्हमेकर असताना सम्पमधून एवढं पाणी फिरवलं तर आवाज, बुडबुडे आणि विजेचं बिल एवढंच वाढतं.

पण खोक्यावर १८०० लिहिलेला पंप घेऊ नका. तो आकडा शून्य उंचीचा असतो. तुमचं पाणी चार-साडेचार फूट चढणार, वर एल्बो, व्हॉल्व्ह, नोझलची अडवणूक. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात उंचीप्रमाणे फ्लोचा आलेख असतो, त्यात पाच-सहा फुटाला १८०० देणारा पंप बघा, बहुतेक वेळा तो शून्य उंचीला ३००० च्या आसपास निघतो. डीसी पंप असेल तर वेग कमी-जास्त करता येतो, हर्बीवाल्यांना ते फार सोयीचं. वेग न बदलता येणाऱ्या पंपाला रिटर्नवर व्हॉल्व्ह लावून थोडा आवळलात तरी चालतं, पंपाच्या आत घेणाऱ्या बाजूला मात्र कधी आवळू नका.

७. पाइप केवढ्या व्यासाचे आणि बॉक्स केवढा लांब?

रिटर्नला पंपाच्या तोंडाएवढा किंवा त्याहून एक माप मोठा, १८०० लिटरला इंची पुरतो. ड्रेनचं माप पद्धतीवर आहे. पूर्ण सायफनला इंची पाइप १८०० लिटर सहज नेतो, व्हॉल्व्ह अर्धा आवळूनच ठेवावा लागेल. डर्सो असेल तर इंचीतून हजार-बाराशेच्या वर गेलात की गुडगुड सुरू, तिथे दीड इंची घ्या. अडचणीचा पाइप बाकीच्यांपेक्षा लहान कधीच नको. एल्बो शक्य तिथे ९० ऐवजी दोन ४५ चे वापरा.

काठाचं गणित सोपं : एक इंच लांबीवरून तासाला साधारण २५० लिटर नीट सांडतं. १८०० ला सात-आठ इंच पाहिजे, पण काठाला दाते असतात आणि मोजायच्या त्या दातांमधल्या फटी, म्हणून बॉक्स १४-१६ इंच धरा. जितका लांब तितका पाण्याचा थर पातळ आणि तितका आवाज कमी.

८. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पाइप चालेल का? कोणता मागू?

चालतो, मरीन टँकसाठी वेगळा महाग पाइप लागत नाही. पण इथे दोन गोष्टींत लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली, मापं. दुकानात तीन जातीचे पाइप शेजारी शेजारी उभे असतात. पांढरा यूपीव्हीसी, शेड्यूल ४० किंवा ८०, इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, गरम पाण्याचा, त्याच्या इंचीचा २८.६. आणि शेतीचा करडा पीव्हीसी, तो मिलिमीटरवर विकतात, ३२ म्हणजे बाहेरून ३२. तिन्हीला लोक इंचीच म्हणतात आणि एकाचं फिटिंग दुसऱ्यात बसत नाही, किंवा वाईट म्हणजे सैल बसतं आणि सोल्युशन भरून बसवलं जातं. पांढरा यूपीव्हीसी शेड्यूल ४० किंवा ८० मागा, सगळी फिटिंग त्याच जातीची, आणि सोल्युशनचा डबाही यूपीव्हीसीचाच. बल्कहेड (काचेच्या भोकात बसवून पाइप जोडायचं फिटिंग) आधी घ्या, पाइपाचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि बसवून बघा.

दुसरी जास्त गंभीर, पितळ. प्लंबर आटे आले की सवयीने पितळी इन्सर्टवालं एमटीए-एफटीए (आट्यांचं फिटिंग) लावतो कारण घरातल्या नळाला तेच चांगलं. पितळात तांबं असतं, खारं पाणी ते हळूहळू सोडवतं, आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना तांब्याचा अंशसुद्धा सहन होत नाही. फिटिंगच्या आत डोकावून बघा, आट्यांत पिवळी चमक दिसली तर परत करा आणि पूर्ण प्लास्टिक आट्यांचं मागा. तेच पितळी बॉल कॉकचं, पितळी गेट व्हॉल्व्हचं. पाइपाच्या क्लॅम्पही बघा, ३०४ स्टील खाऱ्या पाण्यात गंजतं, नायलॉन किंवा प्लास्टिकच्या घ्या.

९. काचेला भोकं पाडताना फुटेल का? टफन काच चालते का?

टफन काचेला भोक पाडायला गेलात की ती चुरा होते, त्यात काही मधला मार्ग नाही. टँक तयार घेतला असेल तर टँकवाल्याला विचाराच पण स्वतःही तपासा : काचेच्या एका बाजूला मोबाईल किंवा लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरा, दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून गॉगल फिरवत बघा, टफन काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. साध्या फ्लोट काचेत दिसत नाहीत. बऱ्याच टँकना फक्त तळ टफन असतो, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासा.

साध्या काचेला डायमंड होल सॉ, मंद वेग, सतत पाणी आणि हाताचा जोर अजिबात नाही, ड्रिलच्या वजनानेच कापू द्या. शेवटी काच सुटताना खालच्या बाजूला कपची उडते म्हणून मागे टेप लावा. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत कमीत कमी भोकाच्या व्यासाएवढं अंतर, दोन भोकांमध्येही तेवढंच. भोकाचं माप बल्कहेड हातात घेऊन ठरवा, इंची म्हणून विकलेल्या बल्कहेडचं भोक ४५ मिलिमीटरच्या आसपास लागतं पण कंपनीगणिक फरक आहे. आणि शक्य असेल तर हे सगळं टँक चिकटवायच्या आधी काचवाल्याकडून करून घ्या, आडव्या ठेवलेल्या सुट्या काचेवर काम सोपं जातं.

१०. बल्कहेडमधून थेंब थेंब गळतंय. सिलिकॉन लावू का?

आधी वॉशर कुठे आहे ते बघा. रबरी वॉशर मोठ्या कॉलरच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत पाण्याकडे बसतो, नटच्या बाजूला नाही. निम्म्या गळत्या तिथेच संपतात. वॉशर आणि काच दोन्ही पुसून कोरडी, वाळूचा एक कण पुरतो. नट हाताने घट्ट आणि त्यावर पाव ते अर्धा फेरा, पाना लावून जास्त आवळलात तर वॉशर बाहेर सरकतो किंवा काच तडकते. वॉशरला सिलिकॉन नको. टेफलॉन टेप फक्त आट्यांच्या जोडाला, बल्कहेडच्या नटाला नाही.

एवढं करूनही गळत असेल तर पाइप बल्कहेडला वाकडा ओढतोय का बघा. लांब पाइपाचं वजन बल्कहेडवर लटकवू नका, स्टँडला क्लॅम्पने धरा.

११. टँक भरलेला आहे, मासे आहेत. बाहेरून अडकवायचा ओव्हरफ्लो लावला तर?

यू-ट्यूबवाला अडकवायचा बॉक्स मिळतो आणि चालतोही, पण त्याची सगळी मदार त्या नळीतला सायफन टिकण्यावर आहे. फ्लो कमी झाला की नळीच्या माथ्यावर हळूहळू बुडबुडे जमतात आणि सायफन तुटतो, मग पंप चालू आणि खाली वाट बंद, प्रश्न ४ जसाच्या तसा. लावणारच असाल तर प्रश्न ४ मधलं मापन दुप्पट काळजीने करा, नळीच्या माथ्याची हवा ओढणारा छोटा पंप जोडा आणि रिटर्नला फ्लोट स्विच लावा. माझा सल्ला विचाराल तर मासे चार दिवस प्लास्टिकच्या पिंपात हीटर-एअर पंप लावून ठेवा, पाणी अर्धं उतरवा आणि मागच्या काचेला वर भोकं पाडून घ्या. कायमची झोप लागेल अशी गोष्ट तीच आहे.

१२. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावला की लाईट जाण्याची चिंता मिटली ना?

मिटली नाही. पहिले काही आठवडे तो नीट बंद होतो, मग झडपेवर कॅल्शियमचा थर, शेवाळ, एखादी बारीक गोगलगाय, आणि झडप थोडी उघडी राहते. थोडी उघडी म्हणजे पाणी हळू येतं एवढंच, येतं मात्र सगळं. शिवाय फ्लोही कमी करतो. सम्पची जागा प्रश्न ३ प्रमाणे चेक व्हॉल्व्ह नाहीच असं धरून ठेवा, मग हवा तर लावा.

१३. व्हॉल्व्ह आणि युनियन कुठे कुठे लावू?

सायफनच्या पाइपाला सम्पच्या वर, हात पोचेल तिथे एक व्हॉल्व्ह. गेट व्हॉल्व्हने बारीक जुळवता येतं पण हार्डवेअरमध्ये मिळणारा बहुतेक पितळी असतो, प्लास्टिकचा अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून मागवा, नाही मिळाला तर चांगला यूपीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह. युनियन (हाताने फिरवून सुटणारा जोड) प्रत्येक ड्रेनला एक आणि पंपाच्या लगेच वर एक, म्हणजे पंप धुवायला काढताना करवत लागणार नाही. रिटर्नला फुटा-दीड फुटाची लवचीक नळी घातली की पंपाची थरथर स्टँडला जात नाही. नळी पारदर्शक नको, आत शेवाळ वाढतं. सोल्युशन लावल्यावर २४ तास पाणी सोडू नका.

१४. रात्री गुडगुड आणि शू-शू आवाज येतो, झोप लागत नाही.

डर्सो असेल तर टोपीचं भोक कमी-जास्त करून बघा, छोटा एअर व्हॉल्व्ह बसवला की बारीक जुळवता येतं. हर्बी-बीनअ‍ॅनिमलमध्ये गुडगुड म्हणजे सायफनमध्ये हवा शिरतेय, व्हॉल्व्ह एक चतुर्थांश फेऱ्याहूनही कमी आवळा आणि दहा मिनिटं थांबा, पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो, लोक घाईत फिरवत राहतात. सायफन सुरूच होत नसेल, प्रत्येक वेळी लाईट आल्यावर दहा मिनिटं धबधबा चालत असेल, तर पाइपाचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात फार खोल आहे. इंचभरच बुडवा, म्हणजे आतली हवा बाहेर पडायला वाट मिळते. बॉक्सच्या आत पाणी उंचावरून पडत असेल तर उभे पाइप लांब करा, बॉक्समधली पातळी काठाच्या दोन-तीन इंच खाली आली की पडण्याचा आवाज जातो. पण पाइप लांब केले की अडचणीचा पाइपही त्या प्रमाणात वर घ्या.

१५. ऑटो टॉप-ऑफची टाकी स्टँडच्या बाजूला उंचावर ठेवली आणि रात्रीत सगळं गोडं पाणी सम्पमध्ये गेलं. पंप तर बंद होता.

तोही सायफनच. टाकीतलं पाणी नळीच्या तोंडापेक्षा उंच असेल तर पंपाने एकदा सुरुवात करून दिली की पुढे पाणी आपलं आपण येतं, आणि खारटपणा १.०२५ वरून घसरतो. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर, आणि सम्पच्या लाईट गेल्यानंतरच्या पातळीच्याही वर ठेवा आणि टाकी सम्पच्या पातळीपेक्षा खाली ठेवता आली तर उत्तम. सेन्सर नेहमी रिटर्न कप्प्यात, कारण बाष्पीभवनाने पातळी फक्त तिथेच उतरते, बाकी कप्पे बॅफलने (कप्प्यांमधल्या आडव्या भिंतींनी) धरलेले असतात. टॉप-ऑफची टाकी इतकी मोठीही नको की सगळी ओतली गेली तर सम्प ओसंडेल.

१६. लाईट आल्यावर स्किमर ओसंडतो.

लाईट गेल्यावर सम्पची पातळी चढलेली असते, लाईट आल्यावर रिटर्न आणि स्किमर एकदमच सुरू होतात, स्किमर काही मिनिटं जास्त खोल पाण्यात चालतो आणि घाण कपातून परत खाली. स्किमरला पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर किंवा स्मार्ट प्लग लावा. महावितरणच्या लाईनवर पावसाळ्यात दिवसातून पाच वेळा लाईट झपकते अशा गावात हा टायमर चैन नाही, गरज आहे.

१७. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप टाकू का?

आधी वेव्हमेकर किंवा एअर पंप टाका. लाईट गेल्यावर मासे मरतात ते ऑक्सिजन कमी पडल्याने, आणि पृष्ठभाग हलता ठेवला की तो मिळतो, तोही चार-सहा वॅटमध्ये. रिटर्न थांबला तर तासा-दोन तासांत काही बिघडत नाही, आणि तुमचं प्लंबिंग थांबणं सहन करायलाच आखलेलं आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

१८. चिलर रिटर्न लाईनवरच जोडू का?

मुंबई-कोकणात एप्रिल-मेला चिलरशिवाय कोरल टिकवणं अवघड, त्यामुळे हा येणारच. रिटर्नवर नको. चिलरला ठरावीक फ्लो लागतो, रिटर्नला वेगळा, दोन्ही एका पंपावर ठेवले की एक बिघडतं. वेगळा छोटा पंप रिटर्न कप्प्यातून पाणी घेऊन चिलरमधून परत सम्पच्या आधीच्या कप्प्यात सोडेल, वरच्या टँकमध्ये नाही, तिकडे सोडलंत तर अजून एक उलटा सायफन तयार झाला. कॉईल टायटॅनियमचीच, जुन्या फ्रिज-एसीच्या तांब्याच्या कॉईलने बनवलेले जुगाड प्रश्न ८ मधल्या कारणाने बाद. आणि चिलर बंद कपाटात नको.

१९. सम्प ड्राय बाल्कनीत ठेवला तर? हॉलपासून बारा फूट आहे.

होतं, आवाजही हॉलमध्ये येत नाही. ड्रेनचा आडवा पाइप संपूर्ण लांबीत उतरता पाहिजे, मध्ये कुठेही वर चढून परत खाली नको, दरवाज्याच्या चौकटीवरून नेऊ म्हणाल तर नाही जमणार. आडव्या अंतरात सायफनचा जोर कमी होतो म्हणून पाइप एक माप मोठा, सव्वा इंची किंवा दीड इंची, आणि तिन्ही पाइप वेगळे न्या. पाइपातलं पाणीही हिशोबात धरा, इंची पाइपात मीटरमागे अर्धा लिटरहून थोडं जास्त मावतं. सम्पवर थेट ऊन नको.

२०. गोगलगायी आणि मासे ओव्हरफ्लोत पडतात.

पडणारच. काठाला दाते, बॉक्सवर झाकण, सायफनच्या तोंडावर मोठ्या भोकांची गाळणी. बारीक जाळी लावू नका, ती दोन दिवसांत शेवाळाने बंद होते. सगळ्यात धोकादायक प्राणी सी-अ‍ॅनिमोन, फिरत फिरत काठावर येतो आणि सगळ्या फटी झाकून बसतो. म्हणूनच अडचणीच्या पाइपाला काठ आणि बॉक्स दोन्ही वगळून पाणी पोचायची वाट देणारे लोक आहेत, अ‍ॅनिमोन पाळणार असाल तर विचार करा.

२१. मीठ घालण्याआधी काय काय तपासू?

साध्या पाण्याने भरा आणि २४ तास नुसतं उभं ठेवा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवून. मग पंप चालू करा, पातळी स्थिर झाली की पंप बंद करा आणि सम्प कुठे थांबतो ते रेघ मारून बघा. परत चालू करा आणि सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, बाकीच्या पाइपांनी सगळा फ्लो नेला पाहिजे. मग तेही हाताने किंवा बुचाने बंद करा आणि पंपाला रिटर्न कप्पा उपसू द्या, जवळ उभं राहून. पाणी कडेच्या आत थांबलं तर आखणी बरोबर. शेवटची चाचणी बहुतेक जण भीतीपोटी टाळतात, पण ती नळाच्या पाण्यात, टॉवेल हातात घेऊन केलेली कितीतरी बरी.

२२. सहा फुटी टँक आहे, दोन कोपऱ्यांत दोन बॉक्स. खाली दोन्ही ड्रेन एका टीने जोडून एकच व्हॉल्व्ह लावू का?

नको. टँक अगदी लेव्हलमध्ये असला तरी दोन काठांवरून सारखं पाणी कधी जात नाही, एका बॉक्सची पातळी लवकर उतरते, त्या पाइपात हवा शिरते आणि टीमधून दुसऱ्याचाही सायफन तोडते. मग दोन्ही बॉक्स आळीपाळीने भरत-रिकामे होत राहतात. प्रत्येक बॉक्सला स्वतःचा सायफन, स्वतःचा व्हॉल्व्ह आणि स्वतःचा कोरडा पाइप, सम्पपर्यंत वेगळे. एका बॉक्समध्ये सायफन आणि दुसऱ्यात कोरडा पाइप अशी वाटणीही करू नका, कोरडा पाइप दुसरीकडे असला तर पहिला बॉक्स तुंबल्यावर संपूर्ण टँकची पातळी चढल्याशिवाय त्याला कळत नाही. जागा असेल आणि काच अजून कापली नसेल तर दोन कोपरे सोडून मागच्या काचेला मधोमध एकच लांब बॉक्स करा, तीन भोकांचा.